बिनफुलांच्या हंगामातील लग्ने

बालाघाटच्या पठारावर आणि तेरणा-मांजरेच्या खोऱ्यांत पसरलेल्या धाराशिव जिल्ह्यात लग्नसराईला खरा भर येतो तो फाल्गुन सरल्यावर, म्हणजे रब्बीची ज्वारी खळ्यातून घरात आणि तिचा काही हिस्सा अडत्याच्या वखारीत गेल्यानंतर. आणि ज्या चैत्र-वैशाखात कुणब्याच्या हाती चार पैसे खुळखुळतात, नेमक्या त्याच महिन्यांत विहिरींचे तळ उघडे पडू लागतात, झेंडू-शेवंतीचा बहर दसरा-दिवाळीबरोबरच ओसरून गेलेला असतो, आणि एखाद्या बागायतदाराच्या विहिरीच्या पाण्यावर तग धरून राहिलेला मोगरा सोडला तर वधूवरांच्या गळ्यात घालण्याजोगे फूल गावशिवारात शोधून सापडत नाही. या प्रदेशाच्या विवाहविधीचा जमाखर्च समजून घ्यायचा तर ही विसंगती प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. डोक्यावर पडणाऱ्या अक्षतासुद्धा इथे तांदळाच्या नसत, कुंकवात रंगवलेल्या ज्वारीच्या असत. कारण घरात पोत्याने होती ती ज्वारी.

त्या जमाखर्चाचा मूळ दस्तऐवज म्हणजे ‘यादी’. सोयरीक पसंत पडली की उभय पक्षांकडील कर्ती माणसे आणि गावचे चार-पाच पंच जाजमावर बसत, कागदाच्या शिरोभागी श्रीकार घालून त्याला हळदकुंकू वाहिले जाई, आणि मग लग्न कुणाच्या दारी, मांडवखर्च कुणाचा, वऱ्हाडाच्या गाड्या किती, वाजंत्री कुणी सांगायची, नवरदेवाचा पोशाख, करवलीचे लुगडे, मामाचा मान, भांडीकुंडी, असा सारा तपशील कलमवार लिहून काढून शेवटी दोन्हीकडच्या सह्या आणि साक्षीदारांच्या निशाण्या घेतल्या जात. कूळकायद्याच्या किंवा वाटणीपत्राच्या कागदाइतकीच ही यादी गंभीरपणे लिहिली जाई, आणि तिच्यातल्या एखाद्या कलमावरून भर मांडवात रुसवेफुगवे झाल्याच्या हकिकती गावोगाव ऐकू येत. १९६१ साली हुंडाप्रतिबंधक कायदा आला, तेव्हा यादीतून हुंड्याचा आकडा हळूहळू अदृश्य झाला; तो व्यवहारातून गेला असे मात्र कुणी समजू नये, तो लेखी होता तो तोंडी झाला इतकेच.

शेतकरी लग्नापायी बुडतो, हे वचन आपल्याकडे सावकारापासून सुधारकापर्यंत सर्वांनी इतक्या वेळा उच्चारले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणास वाटेनाशी झाली. वस्तुतः १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सुरू झालेल्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या दख्खन दंगे आयोगाने स्पष्ट म्हटले होते की, रयतेच्या कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नकार्यांतील खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. आयोगाचे हे निरीक्षण इंग्रजी मुलखातल्या पुणे-नगर भागाचे. पण सरहद्दीअलीकडच्या निजामी मुलखातला कुणबीही त्याच पावसाच्या आणि त्याच सावकाराच्या ताब्यात होता. लग्नाचा खर्च हा एक दिवस दिसणारा खर्च असतो, व्याजाचा वर्षभर न दिसणारा. म्हणून बोल लावायला लग्न सोयीचे पडते, असे मला वाटते. लग्ने उधळपट्टीची नव्हती असा याचा अर्थ नाही. काटकसरीची परंपराही तितकीच जुनी आहे, एवढेच सांगायचे आहे.

त्या काटकसरीचे सर्वांत देखणे साधन म्हणजे बाशिंग. पाणथळ जागी उगवणाऱ्या भेंडाचा पांढरा, बोटाने दाबला तर खळगा पडेल इतका मऊ आणि पिसासारखा हलका गाभा पातळ कापून त्याच्या पाकळ्या करायच्या, त्या रंगवायच्या, कागदाच्या पाठीवर चिकटवायच्या, मधूनमधून बेगडाचे चांद बसवायचे आणि खाली मण्यांच्या नाहीतर जरीच्या सरी सोडायच्या, की चैत्राच्या उन्हातही न कोमेजणारा फुलोरा नवरदेवाच्या कपाळावर उभा राहत असे. ताज्या फुलांची मुंडावळी दुपारच्या मुहूर्तापर्यंत मान टाकते. बाशिंग वरात परत गावी पोचली तरी ताठ असे, आणि लग्नानंतर कित्येक घरांत ते आढ्याला बांधून ठेवले जाई, जिथे चुलीच्या धुराने काळवंडत ते वर्षानुवर्षे टिके. रुखवतातली लोकरीची, कागदाची, रेशमाची फुले याच कुळातली. आणि ज्या तुळजापूरच्या भवानीच्या दर्शनाला नवपरिणीत जोडपे जाई, लग्नाचा गोंधळ जिच्या नावाने घातला जाई, तिच्या आराध्यांच्या गळ्यातली माळही कवड्यांची. न सुकणाऱ्या माळेचे या प्रदेशाला काही अप्रूप नव्हते.

सधन घरी फुलाची जागा अत्तराने घेतली. १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे गेलेला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख १८६० साली निजामाकडे परतला. निजामी अमलातील देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत लग्नाच्या बैठकीला गुलाबदाणी आणि अत्तरदाणी तबकात मांडलेली असे. पेशवाईतल्या दरबारी रिवाजाचे हे घरगुती रूप. हैदराबादच्या सहवासाने त्याला अधिक झळाळी आली. देग-भपक्यात फुलाचा अर्क काढून चंदनतेलात उतरवण्याची कनोजची कला म्हणजे फूल टिकवण्याचा या देशातला सर्वांत पक्का मार्ग. आणि हिशेबाने पाहिले तरी तो सवंगच, कारण मनगटाला लावायच्या एका फायाने पाहुण्याचा मान राखला जाई आणि बोटभर कुपी सबंध मांडवाला पुरून उरे. घरच्या दोन-चार गावठी गुलाबांच्या पाकळ्या आणि खडीसाखर बरणीत थरावर थर घालून महिनाभर उन्हात ठेवल्या की गुलकंद होई, तो विड्यात जाई. फुकट काही जात नसे.

कापडाचा बस्ता बांधायला मात्र पुष्कळांना बार्शीच गाठावी लागे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येडशी-तेरवरून लातूरला पोचली, तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला. पण बार्शी पडली इंग्रजी हद्दीत आणि आपले गाव निजामी हद्दीत, त्यामुळे लुगड्याखणांचा गठ्ठा करोडगिरीच्या नाक्यावरून सोडवून आणावा लागे आणि जकातीचे कलम लग्नखर्चात वाढे. पोलीस कारवाई होऊन १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, त्यानंतर ही दोन हद्दींची दुहेरी मोजदाद संपुष्टात आली.

त्या दुहेरी मोजदादीची खूण आहेराच्या वह्यांत शिल्लक आहे. लाल कापडी बांधणीच्या या उभट वह्यांत एका बाजूला आहेर देणाऱ्याचे नाव आणि गाव, दुसऱ्या बाजूला टोपी-टॉवेल, खण, लुगडे किंवा रोख रक्कम, आणि रकमेपुढे ‘हाली’ म्हणजे निजामी रुपया की ‘कलदार’ म्हणजे इंग्रजी रुपया याचा उल्लेख असे. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार, हा हिशेब पोरासोरांना तोंडपाठ होता. वही जपायची ती आठवणीसाठी नव्हे. ज्याने आपल्याकडे दोन रुपये घातले त्याच्या घरच्या कार्यात निदान तितके परत घालणे हे बंधन होते. म्हणजे आहेर हा गावभर फिरणारा बिनव्याजी कर्जाचा व्यवहार होता, आणि मांडवाचा बराच भार त्याच्यावर तोलला जाई.

पुढे खर्च वाढत गेला तसे काटकसरीलाही नवे नाव मिळाले. यादी करायला म्हणून जमलेल्या मंडळींनी त्याच बैठकीत, त्याच जेवणावळीत लग्न उरकून घ्यायचे, याला मराठवाड्यात ‘यादी पे शादी’ म्हणतात. येसराची आमटी, भात आणि बुंदी एवढ्या पंगतीवर दोन्ही घरांचा दुसरा मांडव, दुसरी वरात आणि दुसरा बस्ता वाचतो. सरकारनेही शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी शुभमंगल सामूहिक विवाह योजना काढली आणि प्रारंभी जोडप्यामागे १०,००० रुपये अनुदान ठेवले. या दोहोंपैकी मला पहिली वाट अधिक पटते, कारण ती कुणाच्या उपकाराची नाही.

गंमत अशी की, वाचवलेला हा खर्च मागल्या दाराने परत येतो. दुपारी यादीवर लग्न लागते आणि महिन्याभराने जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या मंगल कार्यालयात ‘स्वागत समारंभ’ ठरतो; पत्रिकेवर आहेर न आणण्याची नम्र विनंती छापलेली असते, आणि म्हणून प्रत्येक पाहुणा पुष्पगुच्छ घेऊन येतो. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या जरबेरा-गुलाबांच्या या गुच्छाला देणाऱ्याचे पैसे आहेराइतकेच पडतात, पण तो वहीत मांडता येत नाही, त्याची परतफेड ठरत नाही, आणि यजमानाच्या मांडवखर्चाला त्याचा छदामाचा उपयोग होत नाही. टिकवावा म्हटले तर जरबेराची पाण्याने भरलेली मऊ पाकळी वाळताना आक्रसून काळी पडते. गुलाब तेवढे देठ वर बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटे टांगले तर दोन-तीन आठवड्यांत कडक वाळतात आणि रंगही थोडाफार राखतात. निशिगंध, शेवंती यांच्या वाळल्या पाकळ्या मातीच्या बोळक्यात कापराबरोबर ठेवता येतात. गुलकंद मात्र या गुलाबांचा करू नये. त्यांना ना वास असतो ना रस, आणि त्यांच्यावर औषधांची फवारणी झालेली असते. त्यापेक्षा पत्रिकेवर सरळ छापावे की आहेर रोख आणावा, आणि दारात एक वही ठेवावी.