गोदाकाठची सपाट वाट
डोंगर उतरण्यासाठी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात घडलेली जाड टायरांची सायकल गोदाकाठच्या सपाटीवर कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते. हिवाळ्यात गाडीवाटेच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात.

अशाच कच्च्या वाटांनी संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे फ्रेंच मिशनरी वैजापूर तालुक्यातील घोगरगावी पोहोचले. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत उभा राहिला, तो त्यांच्या श्रमांवर. सातवाहनांची राजधानी आणि एकनाथांची समाधीभूमी असलेले पैठणही याच काठी आहे.

त्याच पैठणाजवळ जायकवाडीच्या जलाशयाने जुना काठ गावांसह पोटात घेतला. उरलेल्या वाटा आहेत तोवर आपल्या तरुणांनी त्या सायकलीने पाहाव्यात आणि वाटेतल्या वृद्धांच्या आठवणी लिहून आणाव्यात, अशी आमची विनंती आहे.