खडीवरचा समाजवाद

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या मजुराला समाजवादाचं विचाराल तर तो गप्प राहील. बहात्तरचा दुष्काळ म्हणा, की कामावर फोडलेली खडी, सुकडी हा वाटलेला पूरक आहार आणि मिलो ही आयात ज्वारी, ही नावं निघालीच. काम मागण्याचा हक्क त्याच्यापर्यंत याच वाटेने पोचला.

मूळ मागणी पॅरिसची. काम मिळणं हा माणसाचा हक्क आहे, असं लुई ब्लाँ या समाजवाद्याने 1840च्या सुमारास मांडलं. 1848च्या क्रांतीनंतर सरकारने राष्ट्रीय कार्यशाळा काढल्या. ब्लाँला कामगारांनीच चालवलेले कारखाने हवे होते. मिळाली ती बहुतांशी मातीकामं. जूनमध्ये तीही गुंडाळली आणि शहरात बंड पेटलं. आपल्या घटनेत हा हक्क कलम 41 मध्ये आला, पण कोर्टात न मागता येणारा.

महाराष्ट्रात या हक्काला मूर्त रूप दिलं ते वि. स. पागे यांनी. ते समाजवादी नव्हेत, काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. बहात्तरच्या दुष्काळाने तो राज्यभर नेला. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती, अन् अमेरिकेची लाल मिलो भाकरीत होती! 1977 मध्ये औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, समाजवादी बापू काळदाते यांना लोकसभेत पाठवलं. रोजगार हमी योजनेचा कायदा त्याच वर्षी विधिमंडळाने मंजूर केला, तोही एकमताने. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा बराचसा व्यवसाय करातून, म्हणजे मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून मराठवाड्याच्या मजुराला. माझ्या मते सगळ्या योजनेतला खरा समाजवाद एवढाच.

बाईला आणि पुरुषाला कामाचा दर सारखा होता, हेही कमी नाही. मात्र 15 दिवसांत काम न दिल्यास द्यायचा भत्ता, दिवसाला निदान 1 रुपया, क्वचितच कुणाच्या हाती पडला. मागणीची नोंदच झाली नाही, तर भत्ता कुठला! हजेरीच्या मस्टरवर खोटी नावं चढत, पगार लांबत.

याहून खोल गोष्ट मालकीची. मजुरांनी पाझर तलाव खोदले, नाले अडवले. पाणी वाढलं ते खालच्या अंगाच्या विहिरींना, आणि विहिरी होत्या जमीनवाल्यांच्या. 1990 पासून याच हमीतून खाजगी शेतांत फळबागा लागल्या, त्यात या भागातली मोसंबीही. दुष्काळात त्या वाळल्या की बागायतदाराच्या नुकसानीची चर्चा झाली आणि ती रास्तही होती. खड्डे खणणाऱ्याचा त्या झाडांवर कधीच हक्क नव्हता. समाजवादाने उत्पादनाच्या साधनांवर श्रमिकाची मालकी मागितली होती. भूमिहीनाला या हमीतून मजुरीपलीकडे काही मिळालं नाही.