बदलून दिलेला बिघाड

1990च्या दशकात दुर्गम गावात ग्रामपंचायतीशेजारी उंच लोखंडी खांब, त्यावर अँटेना आणि जवळच सौर पॅनेल दिसलं, की समजावं, गावाला सार्वजनिक टेलिफोन मिळाला. तो लागतो की नाही, हा पुढचा प्रश्न.

1994च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने 1997पर्यंत प्रत्येक गावात फोन पोचवायचं ठरवलं होतं. डोंगरदऱ्यांतून तारा ओढणं महाग, म्हणून मल्टी ॲक्सेस रेडिओ रिले ही यंत्रणा निवडली गेली. दूरसंचार खात्यात तिचं नाव ‘मार’. तालुक्याच्या एक्स्चेंजला मुख्य केंद्र आणि त्याच्या भोवतीच्या पंधरा गावांत मिळून दोनच रेडिओ वाहिन्या. दोन गावं बोलत असली की उरलेल्या तेरांनी थांबायचं. एवढं असूनही ती नीट चालली असती, तर गावाने सोसलं असतं.

पण ती चालली नाही. बॅटऱ्या उतरायच्या, सेट बंद पडायचे, मग फोन महिनोन्‌महिने ‘डेड’. तक्रार गेली की लाइनमन येणार, सुटा भाग मिळाला तर बदलणार. खोट मात्र एखाद्या सुट्या भागात नव्हतीच. यंत्रणाच गावच्या वाऱ्यापावसाला आणि देखभालीच्या तुटपुंज्या सोयीला पुरी पडणारी नव्हती. त्यामुळे बदलून आलेला सेट हा त्याच बनावटीचा, त्याच खोडीचा दुसरा सेट असे. गावकऱ्याला मात्र दर वेळी ‘बदलून दिलंय’ एवढंच ऐकायला मिळे.

हे टाळता येण्याजोगं होतं, कारण उलटं उदाहरण आपल्या शेजारीच उभं होतं. 1984मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने खेड्यांसाठी छोटं स्वयंचलित एक्स्चेंज घडवलं. पहिलं 1986मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या गावी, बसलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. उन्हाळा, धूळ, कमी वीज हे गृहीत धरूनच त्याची आखणी झाली होती. बिघडलेलं कार्ड काढायचं, दुसरं खोचायचं, काढलेलं दुरुस्ती केंद्राला पाठवायचं. तिथे बदलाला अर्थ होता, कारण मूळ आराखडा पक्का होता.

‘मार’चं मात्र सगळंच बदलावं लागलं. 2002मध्ये सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला आणि त्याच्या पैशातून 2003पासून देशभरातले पावणेदोन लाखांहून अधिक ‘मार’ फोन काढून त्यांच्या जागी मुख्यतः वायरलेस फोन बसवायचं काम बीएसएनएलला देण्यात आलं. नवा फोन जास्त भरवशाचा खरा. पण तो गावच्या विजेवर चार्ज होणार आणि महाराष्ट्रात तेव्हा दिवसाचे कित्येक तास भारनियमन.

वारणा नदीच्या खोऱ्यात मात्र, फोनऐवजी संगणकांच्या बाबतीत, वेगळं घडलं. कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरच्या सत्तर गावांत 1998मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून संगणक केंद्रं उभी राहिली. बाजारभाव, आरोग्य, शिक्षण अशी स्वप्नं होती. पण केंद्रं कामाला आली ती मुख्यतः ऊसनोंदीला. संगणक जुने झाले, त्यांची देखभाल डोईजड होऊ लागली. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी त्यांच्या जागी नवे संगणक न मांडता शेतकरी आधी काय विचारतो, ते पाहिलं: ऊस किती झाला, खत किती उचललं. त्यासाठी संगणकाला जोडलेला एक मोबाइल मध्यवर्ती जागी ठेवला आणि गावांत साधे मोबाइल दिले. सात गावांत आठ महिने प्रयोग चालला. संगणकावरची सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही सोय अधिक आवडली. उसाचं वजन कळायला केंद्रावर जायची गरज उरली नाही. मेसेज पाठवला की उत्तर त्याच फोनवर येई.