भर उन्हाळ्यात धरणाखाली मासे का जमतात? आणि तिथे गळ टाकणं धोक्याचं का ठरतं?

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की भीमा नदीचं पात्र ठिकठिकाणी उघडं पडतं. डोहात साचलेलं हिरवट पाणी, मध्येच वर आलेले खडक, कडेला वाळलेली जलपर्णी. अशात उजनी धरणातून सोलापूर-पंढरपूरच्या पिण्यासाठी नदीत पाणी सोडल्याची बातमी येते आणि काठावर गळ घेऊन माणसं दिसायला लागतात. कुणाकडे बांबूची काठी आणि तंगूस, कुणाकडे ऑनलाइन मागवलेला रॉड. आमिष मात्र बहुतेकांचं तेच, कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ.

या काळात धरणाखाली मासा मिळतो हे खरंच आहे. पण जे पाणी माशाला तिथे खेचून आणतं, तेच पाणी काठावरच्या माणसासाठी सर्वांत धोकादायक असतं.

मासे तिथेच का येतात?

कारण आहे ऑक्सिजन. पाणी जितकं तापतं, तितका त्यात कमी ऑक्सिजन विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातच्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी तापलं की त्याच्या शरीराचा वेग वाढतो आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच, जेव्हा पुरवठा घटतो.

साचलेल्या डोहात तर आणखी पंचाईत. उजनीपर्यंत पुणे परिसराचं सांडपाणी येतं, त्यामुळे पाण्यात शेवाळाला भरपूर खत मिळतं. हे शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तोच वापरून टाकतं. म्हणून अशा डोहात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो दुपारी नव्हे, तर पहाटे. उन्हाळ्यात सकाळी सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, ते याचमुळे. त्यांना भूक लागलेली नसते, त्यांचा जीव गुदमरत असतो. अशा वेळी गळाला कितीही चांगलं आमिष लावलं तरी मासा सहसा तोंड लावत नाही.

धरणाच्या दारातून जोरात आदळणारं, खडकांवर फेसाळणारं पाणी मात्र हवा मिसळून घेतं. शिवाय मोठे मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर सरकत येतात आणि भिंतीपाशी अडतात. धरणातून वाहून आलेले लहान मासे त्यांना आयते मिळतात. म्हणून धरणाखाली गर्दी होते.

एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. खोल धरणात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली थंड असे पाण्याचे थर होतात. तळाच्या थरात ऑक्सिजन फार कमी उरतो. पाणी तळाजवळच्या दारातून सोडलं, तर सुरुवातीला ते गार लागतं, पण कधी कधी त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. असं पाणी थोडं अंतर खळाळत गेल्यावरच माशांना मानवतं. त्यामुळे भिंतीला चिकटून बसण्यापेक्षा बरंच खाली, जिथे पाणी खडकांवरून वाहून पुन्हा संथ होतं, तिथे गळ टाकणं शहाणपणाचं. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच बरं.

सगळ्या माशांची सहनशक्ती सारखी नसते. चिलापी उष्णता आणि कमी ऑक्सिजन दोन्ही बऱ्यापैकी सोसते. मरळ थेट हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून आटत्या डोहातही तग धरते. रोहू, कटला, मृगळ यांना वाहतं पाणी जवळचं. साचलेल्या डोहात संध्याकाळची वेळ चांगली, कारण दिवसभरात शेवाळाने ऑक्सिजन साठवलेला असतो. पहाट साधायची तर ती वाहत्या पाण्यावर.

सांडवा कोरडा आहे, मग भीती कसली?

ही समजूत सर्वांत घातक. धरणाच्या माथ्यावरचे मोठे दरवाजे पावसाळ्यात उघडतात, टीव्हीवर दिसतात ते तेच. उन्हाळ्यात पाणी त्या पातळीच्या कितीतरी खाली गेलेलं असतं. उजनीचा साठा तर अनेकदा ‘उणे’ होतो, म्हणजे मृतसाठ्यातलं पाणी वापरायची वेळ येते. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. तरीही नदीत पाणी सोडता येतं, कारण त्यासाठी भिंतीत खालच्या पातळीवर वेगळी दारं असतात. अनेक धरणांवर वीजनिर्मितीचं पाणीही खालूनच बाहेर पडतं. वीजघर सुरू करायचं की बंद, हे विजेच्या मागणीवर ठरतं आणि ही मागणी कडक उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा वरखाली होते. वर आभाळ निरभ्र, सांडवा कोरडाठाक आणि तरीही पायाखालचं पाणी चढायला लागतं, हे सहज घडू शकतं.

असं पाणी काय करू शकतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचं आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीदरम्यान बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर उतरले होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल संयोजक वाहून गेले. ते पोहायला उतरले नव्हते. कमी पाण्यात उघडे पडलेले खडक त्यांना सुरक्षित वाटले, इतकंच.

गळ टाकणारा माणूस अशाच खडकावर बसतो. नजर तरंगावर, कान मोबाईलवर आणि मागची परतीची वाट सखल. पाणी चढताना आधी ती वाट बुडते. म्हणून बसण्यापूर्वी समोर नव्हे, तर मागे बघायचं. पाण्याच्या काठावर एक दगड खूण म्हणून ठेवायचा. तो बुडाला, पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा खळखळाट वाढला, तर गळ गुंडाळत बसायचं नाही, निघायचं. भोंगा वाजला तर अर्थातच निघायचं, पण भोंगा ऐकू येईलच असं धरून चालू नये. धरणाची भिंत, दारं आणि वीजघराजवळचा भाग सहसा प्रतिबंधित असतो. ती पाटी रंग उडालेली असली तरी लागू असते.

खाली नदीवर जागोजागी असलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरही हाच नियम. वरून ओसंडणारं पाणी बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोल फिरतं आणि त्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही पुन्हा पुन्हा आत ओढला जातो.

ऊन कळत नाही, कारण समोर पाणी असतं

नदीकाठी वारा असतो. त्या कोरड्या वाऱ्यात घाम लगेच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घामच येत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात शरीरातलं पाणी जातच असतं. वरून ऊन, समोर पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन आणि खाली तापलेला काळा पाषाण. दुपारी १२ ते ३ या वेळेत काठावर बसू नये. तशीही त्या वेळी मासे खोल पाण्यात दडलेले असतात, हातात फारसं काही पडत नाही.

चक्कर, मळमळ, पायात गोळे येणं ही सुरुवातीची लक्षणं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. शरीराचं तापमान अशा वेळी ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. त्याला सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. घरून निघताना ओआरएसची पाकिटं किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्यावं. बिअर हा त्याला पर्याय नाही, उलट तिने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं.

मे महिन्याच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, वळवाचा पाऊस. ढग गडगडले की कार्बन फायबरचा रॉड हातात धरणं म्हणजे विजेला वाट करून देणं. तो खाली ठेवून काठापासून दूर व्हावं. झाडाखाली मात्र जाऊ नये.

मासा घरी नेण्याआधी

जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यामुळे कुठे गळ टाकलेला चालतो, हे तिथल्या मच्छीमारांना आधी विचारावं. त्यांचं पोट त्यावर चालतं. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं देशात १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

या उन्हात मासा तासाभरातही खराब व्हायला लागतो. पिशवीत कोंबण्याऐवजी पोट साफ करून बर्फात ठेवावा, बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत, आणि लवकरात लवकर घरी न्यावा. पाणी सोडणं बंद झालं की पात्रात डबकी तुटक होतात आणि त्यात अडकलेले मासे एक-दोन दिवसांत पांढरी पोटं वर करून तरंगायला लागतात. ते फुकट मिळतात म्हणून गोळा करणारे असतात. पण तो मासा कधी मेला आणि डबक्यात नेमकं काय साचलं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही. तो खाऊ नये आणि विकूही नये.