मे १९७८ : मुक्काम आजोळ, तालुका औसा

कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरलात की घाई करू नका. लहान गाडी पलीकडच्या फलाटावर उभी आहे आणि ती कुणाला टाकून जात नाही. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि धाकटी बहीण सांभाळत तुम्ही आईमागं निघता. वय वर्षं दहा. सन १९७८, मे महिन्याचा पहिला आठवडा. पुढच्या पन्नास वर्षांत काय घडणार ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलायची मुभा नाही. बघायचं, खायचं, पोहायचं आणि गप्प राहायचं.

या गाडीच्या दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याची ही बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावली, १९११ मध्ये लातूरला पोचली. दुसरं टोक नंतर मिरजेला गेलं. बार्शी मागं पडते, येडशीच्या चढावर इंजिन धापा टाकतं, खिडकीतून कोळशाचा कण डोळ्यात जातो आणि आई पदराच्या टोकानं तो काढते. समोरच्या बाकावरची बाई पोरासाठी पाणी मागते. आई तांब्याची फिरकी उघडते.

तुम्हाला ठाऊक आहे की २००८ पर्यंत हा मार्ग रुंद होईल. आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ नावाची गाडी लातूरला येईल. समोरच्या बाईला हे सांगितलंत, तर ती हसेल. “पाणी कधी रेल्वेनं येतंय व्हय रं?” म्हणेल.

लातूर स्टेशनवर थोरले मामा उभे. लातूर अजून तालुक्याचं गाव आहे; जिल्हा उस्मानाबाद. कोर्टकचेरीचं काम निघालं की आजोबा, म्हणजे नाना, ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ म्हणतात ते उस्मानाबादला. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर स्वतःच जिल्हा होईल. मामा आधी गंजगोलाईत नेतात. मधोमध गोल इमारत, आत अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडं फुटलेले सोळा रस्ते. एका रस्त्यावर सराफ, दुसऱ्यावर मिरची, तिसऱ्यावर गूळ, चौथ्यावर चपला. मामा मिरची घेतात, मीठ घेतात, माम्यांसाठी बांगड्या घेतात. मग औशाची एसटी आणि फाट्यावरून पुढं बैलगाडी.

“आलास का रं लेकरा? किती वाळलास! पुण्यात खायला देत न्हाईत का?” ढाळजेतच मोठीमाय, म्हणजे आजी, तुमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते. ढाळज ओलांडली की चौक, चौकाच्या कडेनं सोपा, आत अंधारी माजघरं, भिंतीत ज्वारीची बळदं. तीन मामा, त्यांची लेकरं, दोन मावश्या, मुंबईच्या आत्या आणि नात्याचा धागा कुणालाच नीट न लागणारे एक काका. पंगतीला तीस-पस्तीस पानं पडतात. भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी. रात्री आमरस. आढीतला रायवळ आंबा रोज नव्या चवीचा निघतो, कारण प्रत्येक झाडाची जात वेगळी. लेकरं झाडांची नावं घेऊन भांडतात.

सकाळी सगळी फौज मळ्यातल्या विहिरीवर. तुमच्या पाठीला सुका भोपळा बांधतात आणि मामा काठावरून ढकलून देतात. नाकातोंडात पाणी, डोळ्यांसमोर हिरवा अंधार, आणि मग भोपळा तुम्हाला वर आणतो. समुद्र तुम्ही पाहिलेला नाही. इथल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही. या मुलखाचा किनारा म्हणजे विहिरीची पायरी. चार दिवसांनी भोपळा सुटतो, आठवड्यानं तुम्ही मुटके मारू लागता. वर मामा आणि नाना पाण्याची पातळी बघत बसलेले. १९७२ च्या दुष्काळाला सहाच वर्षं झालीत. मिलोच्या लाल भाकरीची आणि सुकडीची चव मोठीमायच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. म्हणून या घरात पोरानं ताटात पाणी टाकून हात धुतला की ओरडा बसतो.

दुपारी पुरुष सोप्यात लवंडतात आणि बायकांची खरी सुट्टी सुरू होते, म्हणजे काम. आज कुरडया. तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवलेले गहू वाटून, गाळून, रात्रभर निवत ठेवलेत. वरचं पाणी ओतून दिलं की खाली पांढरा चीक. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात तुमची आई आणि थोरल्या मामी तो आळीपाळीनं हाटतात. एक क्षण हात थांबला तर गुठळी. थोरल्या मामींच्या मनगटावर जुन्या चटक्याचा डाग आहे, त्यावरून घाम ओघळतो. लेकरांना वाटीत गरम चीक मिळतो, वर दूध-साखर. मग सोऱ्यातून पडलेली नक्षी माळवदावरच्या धोतरावर, आणि कावळे हाकायला तुम्ही. राखणदार अर्ध्या ओल्या कुरडया चोरून खातात, हे मोठीमायला ठाऊक असतं. ती वीस-पंचवीस जास्तच घालते. तुमच्या आईला वर्षातनं एकदा माहेर मिळतं, आणि त्यातले बरेच दिवस या पातेल्यापुढं जातात. दहाव्या वर्षी हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. आता बघा.

आणखी एक गोष्ट बघा. उन्हं कलली की घरामागच्या आडापाशी गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बाया येऊन थांबतात. त्या आडाला हात लावत नाहीत. थोरल्या मामी पोहरा ओढतात आणि घागरीला शिवू न देता वरून पाणी ओततात. निम्मं बाहेर सांडतं. तुमच्याएवढी एक मुलगी घागर धरून उभी आहे. तिच्या परकराला चिखल लागतो, ती तुमच्याकडं बघते, तुम्ही तिला नाव विचारत नाही. ज्या घरात ताटात हात धुतल्यावर ओरडा बसतो, तिथं या सांडलेल्या पाण्याला कुणी ओरडत नाही. अडीच महिन्यांनी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळ करेल आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्या जळतील. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडेल.

मधले आठ दिवस मावशीकडं नांदेडला. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी उन्हात भाजत जाते. नांदेडला घड्याळ लागत नाही. उस्मानशाही मिलचा भोंगा झाला की गल्लीतल्या बायका चुली पेटवतात. सकाळी नगीना घाटावर आंघोळ. गोदावरीचं पात्र आटलेलं. वर पैठणला जायकवाडीचं धरण दोनच वर्षांपूर्वी पुरं झालंय. पण आटल्या नदीनं लेकरांना वाळू दिलीय. किल्ले करा, खड्डे खणा, खड्ड्यात झिरपलेलं पाणी ओंजळीनं प्या. पात्रातच टरबूज-खरबुजांच्या वाड्या. “लालसुर्ख है. मीठा नै निकला तो पैसे वापस,” म्हणत विक्रेता सुरीनं त्रिकोणी टवका काढून दाखवतो. त्याच्याशी मावशीही त्याच बोलीत घासाघीस करते. या गावात मराठी आणि दखनी एका दारातून ये-जा करतात. दुपारी सचखंड गुरुद्वाऱ्यात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथंच निवर्तले आणि महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात ही वास्तू उभारली. लंगरात तुमच्या शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. आजोळच्या आडापासून आल्यावर ही पंगत जास्तच डोळ्यांत भरते.

परत आजोळी. रात्री सगळे माळवदावर. पाणी शिंपडून निववलेली माती, ओळीनं सतरंज्या, मधोमध नाना आणि उशाशी परभणी केंद्र लावलेला ट्रान्झिस्टर. पाठीखाली हात फिरवा. खाली लाकडी सर, त्यावर फळ्या, त्यावर हात-दीड हात पांढरी माती. दरवर्षी मिरगाच्या आधी गळती रोखायला नवा थर पडतो, जुना कुणी काढत नाही. हे सगळं ओझं मातीत बसवलेल्या दगडांच्या भिंतींवर. याच मातीनं दुपारी घर गार ठेवलं होतं. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपलेली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हीच माती अंगावर येईल. औसा तालुक्यातलं किल्लारी, उमरगा तालुक्यातलं सास्तूर आणि भोवतालची गावं मिळून जवळपास आठ हजार माणसं जातील. त्यातली बरीच भूकंपाच्या धक्क्यानं नव्हे, घराच्या वजनानं जातील. शेजारी मामेभाऊ तोंड उघडं टाकून झोपलाय. त्याला हलवून सांगावंसं वाटतं. सांगता येत नाही.

आता या, आजच्या तारखेला. आजोळच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यात विहीर असते, आमरस असतो, माळवदावरचं चांदणं असतं. पातेल्यापुढचा चटका आणि आडापाशी सांडलेलं पाणी नसतं. तो उन्हाळा खोटा नव्हता. तीस माणसं एका छपराखाली महिनाभर भांडत, खात, झोपत होती, आणि त्यातून मिळालेलं शहाणपण अजून पुरतंय. पण तो उन्हाळा होता तसा परत मागण्यात अर्थ नाही. माणसं परत बोलवा. ते छप्पर नको, तो आड नको, ती कामाची वाटणी नको.

म्हणून या मे महिन्यात भावंडांच्या ग्रुपवर निरोप टाकाल, तेव्हा त्यात एवढं स्पष्ट लिहा : यंदा कुरडया करायच्या आहेत, चीक हाटायला पुरुष लागतील, आणि आई-मावशी-मामी त्या दिवशी सोप्यात आडव्या होतील.