डावीकडून उजवीकडे : पलटणीतल्या आजोबांची पदके

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ओटीवर गणवेशातल्या आजोबांचा फोटो असतो आणि त्याखाली काचेच्या चौकटीत चार-पाच पदके. चौकट बहुधा गावातल्याच फ्रेमवाल्याने केलेली. त्याच्या डोळ्याला जे जमून येते ते तो करतो : गोल पदक मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक तारा, मागे लाल मखमल. दिसायला झकास. पण आजोबा कुठून कुठे गेले, हे सांगणारी ओळ त्यात विस्कटून गेलेली असते.

पदके लावायचा क्रम ठरलेला आहे, आणि तो सौंदर्याचा नाही. छातीच्या डाव्या बाजूला लावताना सर्वांत मानाचे पदक छातीच्या मध्याकडे येते, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला सर्वांत डावीकडे दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत आधी १९३९-४५ स्टार, मग आघाड्यांचे तारे : आफ्रिका, बर्मा, इटली. त्यानंतर डिफेन्स मेडल, वॉर मेडल आणि शेवटी इंडिया सर्व्हिस मेडल. शौर्यपदक असेल तर ते या सगळ्यांच्या आधी.

तिसऱ्या-पाचव्या मराठ्यांचा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा, एखादा जुना जवान घ्या. ही बटालियन १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत लढली आणि पुढे इटलीत गेली. तेव्हा त्याच्या चौकटीत आफ्रिका स्टार आधी आणि इटली स्टार नंतर असणार. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात जवळून आलेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीत लढण्याजोगे ते एकटेच उरले. ते थेट गनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव पहिल्या-पाचव्या मराठ्यांतले. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढल्याबद्दल आणि मग मशिनगनच्या चौक्या मोडल्याबद्दल त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते युद्धातून जिवंत परतले आणि १९८४ साली पुण्यात वारले. दिसायला व्हिक्टोरिया क्रॉस काळसर ब्राँझचा, अगदी साधा. फ्रेमवाल्याच्या हाती दिला तर तो कोपऱ्यातच जायचा.

खरी मेख आहे ती फितीत. दुसऱ्या महायुद्धाचे सगळे तारे एकाच साच्याचे : सहा टोके, पिवळसर मिश्रधातू, मध्ये राजाची आद्याक्षरे आणि भोवती वर्तुळात आघाडीचे नाव. दोन हात अंतरावरून बर्मा कोणता नि इटली कोणता, हे धातूवरून कळणे अशक्य. ते फीत सांगते. आफ्रिका स्टारची फीत वाळवंटाच्या रंगाची, तीत नौदल, सैन्य आणि हवाई दलाचे पट्टे. इटलीची लाल, पांढरी, हिरवी. बर्मा स्टारच्या फितीत गडद निळ्यावर नारिंगी आणि मधोमध रुंद लाल पट्टा. कोकणातल्या दमट हवेत फीत आधी कुजते. मग घरचे लोक ‘जुनाट चिंधी’ म्हणून ती काढून टाकतात आणि तारा नुसता खिळ्याला टांगतात. अशा वेळी भिंग घेऊन वर्तुळातली अक्षरे वाचावीत. नवी फीत लष्करी शिंपीकाम करणाऱ्या दुकानांत मिळू शकते, मात्र जुनी फेकू नये. ती मागच्या बाजूला जपावी.

पहिल्या महायुद्धाची पदके ओळखायला सोपी. त्यांच्या कडेवर, आणि १९१४-१५ स्टारच्या पाठीवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्या काळच्या ब्रिटिश वॉर मेडलला दुसराच शाप : ते चांदीचे होते. अडीअडचणीला कित्येक पदके सोनाराच्या मुशीत गेली. पितळी चकाकीच्या हौसेने ब्रासो घासघासून कडेवरची नावे पुसण्याचे पुण्यकर्म तर घराघरांत चालते, आणि तेही १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी, मोठ्या भक्तीने.

दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सरकारने आपल्या सैनिकांना नाव न कोरताच दिली, पण भारतीय शिपायांच्या ताऱ्यांच्या पाठीवर नंबर, हुद्दा आणि नाव उमटवलेले असते. त्यामुळे ‘हे आजोबांचेच कशावरून?’ असा प्रश्न पडला तर आधी ताऱ्याची पाठ पाहावी. तिथली अक्षरे झिजली असतील तर उत्तर डिस्चार्जच्या कागदात असते. त्याची प्रत चौकटीतच लावावी, मूळ कागद कपाटात ठेवावा. मराठ्यांचे रेजिमेंटल केंद्र बेळगावात आहे, आणि तिथे माहितीसाठी पत्र लिहिताना सर्वांत आधी शिपायाचा नंबरच लागतो.

चौकट करताना पदके डिंकाने चिकटवू नयेत. फीत कापडाला टाक्यांनी शिवावी. लटकती पदके एकमेकांवर आपटून टवके उडतात, म्हणून लष्करात ती पाठीमागे आधार देऊन घट्ट बसवण्याचीही पद्धत आहे. काचेच्या चौकटीला तीच सोयीची. उन्हाच्या भिंतीवर मात्र चौकट नको, रंग उडतात. इंडिया सर्व्हिस मेडलला कमी लेखण्याची खोडही सोडावी. त्याच्या मागच्या बाजूला भारताचा नकाशा आहे, आणि आघाडीवर न जाता तीन वर्षे नोकरी केलेल्यांना ते मिळाले. सैन्य नुसत्या आघाडीवरच्यांवर चालत नाही.

स्वातंत्र्यानंतरही पलटणीत राहिलेल्यांच्या चौकटीत आणखी एक गुंता येतो. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य पदकावर अशोकचक्र आहे आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजी मुकुट. दोन राजवटी एकाच चकतीवर! भारतीय क्रमानुसार स्वतंत्र भारताची पदके आधी येतात आणि राष्ट्रकुलाची नंतर. म्हणून १९४६ ला पेन्शनीत येऊन शेती धरलेल्या हवालदाराची ओळ १९३९-४५ स्टारपासून सुरू होते. त्याचाच सोबती १९४८ मध्ये काश्मीरला लढला असेल, तर त्याची ओळ जनरल सर्व्हिस मेडलपासून सुरू होते, मग स्वातंत्र्य पदक, आणि केरेन व इटली त्याच्या मागे.