निरसन (कायदा)

निरसन म्हणजे अस्तित्वात असलेला कायदा किंवा त्यातील काही तरतुदी विधिमंडळाने नव्या कायद्याद्वारे रद्द करणे. न्यायालय एखादा कायदा घटनाबाह्य ठरवते, तेव्हा त्यास निरसन म्हणत नाहीत. निरसनाचा अधिकार कायदा करणाऱ्या सक्षम विधिमंडळाचा असतो.

व्युत्पत्ती

निरसन हा संस्कृत शब्द ‘निर्’ हा उपसर्ग आणि ‘अस्’ (फेकणे) या धातूपासून बनला असून, बाहेर टाकणे, दूर करणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. ‘शंकानिरसन’ या शब्दात तोच अर्थ आढळतो.

प्राचीन रोममध्ये कायद्याचा प्रस्ताव लोकसभेपुढे प्रश्नरूपाने मांडला जाई. त्यास ‘रोगातिओ’ (विचारणे) म्हणत. त्यावरून संपूर्ण कायदा रद्द करण्यास ‘अब्रोगातिओ’ आणि त्याचा काही भाग रद्द करण्यास ‘देरोगातिओ’ ही नावे पडली.

प्रकार

नव्या कायद्यात जुन्याचा उल्लेख करून तो रद्द केल्यास ते स्पष्ट निरसन होय. असा उल्लेख नसताना दोन्ही कायदे एकाच वेळी अमलात राहूच शकत नसतील, तर गर्भित निरसन मानले जाते. मात्र न्यायालये असा निष्कर्ष सहजासहजी काढत नाहीत.

परिणाम

सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ६ नुसार, वेगळा उद्देश दिसत नसल्यास, निरसनापूर्वी प्राप्त झालेले हक्क, दायित्वे, शिक्षा व चालू खटले अबाधित राहतात. यासाठी अनेक कायद्यांच्या शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’ असे कलम असते.

मुदत संपून कायदा आपोआप संपुष्टात आल्यास हे संरक्षण लागू होत नाही. त्यासाठी मूळ कायद्यातच तरतूद असावी लागते. ‘टाडा’ कायद्याची मुदत १९९५ मध्ये संपली, परंतु त्यात अशी तरतूद असल्याने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली पुढे चालला.

भारतातील उदाहरणे

संविधानाच्या अनुच्छेद ३९५ ने भारत शासन अधिनियम, १९३५ व भारतीय स्वातंत्र्य अधिनियम, १९४७ यांचे निरसन केले. अनुच्छेद ३७२ नुसार इतर जुने कायदे बदल अथवा निरसन होईपर्यंत चालू राहिले. २०२० चे तीन कृषी कायदे संसदेने २९ नोव्हेंबर २०२१ रोजी निरसन विधेयक संमत करून रद्द केले. भारतीय दंड संहिता, १८६० ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू राहते.